चेंडू सुटायच्या आधीची धाव

आज अमेरिकन फुटबॉलबद्दल बोलायचंय. मेस्सीचा किंवा सुनील छेत्रीचा नव्हे, तो हेल्मेटवाला, लांबट चेंडूचा. ज्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही त्यांनी लगेच उठून जाऊ नका. कबड्डी कळते ना? मग आपलं काम भागेल.

गोष्ट १३ फेब्रुवारी २०२३ची, सोमवारची. सुपर बोल, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, अमेरिकेत रविवारी संध्याकाळी असतो. तेव्हा इथे लखनौत सोमवारची पहाट असते, पाच वाजलेले असतात. आमच्या गल्लीतली दोन मुलं रजया गुंडाळून माझ्याकडे येऊन बसली होती. मी रविवारी सकाळी ज्या पोरांना कबड्डी शिकवतो, त्यांतलीच ही दोघं. खेळ कुठलाही असो, त्यांना तो बघायचाच असतो.

सामना कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्स. तासभर झाला आणि एकाने विचारलं, "भैया, ये आदमी बॉल से पहले ही कहाँ चल देता है?"

प्रश्न बरोबर होता. बाकी सगळे पुतळ्यासारखे उभे. चेंडू अजून जमिनीवर. आणि एकच खेळाडू आपली जागा सोडून आडवा चालायला लागतो, कधी धावतो, कधी अर्ध्यातून परत फिरतो. त्याच्या हातात चेंडू नाही. बरेचदा पुढेही त्याच्याकडे चेंडू येत नाही. मग हा चाललाय कुठे?

आजचा सगळा भाग या एका प्रश्नाचा आहे. आणि त्याचं उत्तर शोधताना मला माझी स्वतःची एक चूक सापडली. तीही सांगणार आहे, पण तिच्या जागी.

आधी नियम, थोडक्यात

दोन्ही बाजूंना ११ खेळाडू. ज्याच्याकडे चेंडू त्या संघाला ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. १० यार्ड म्हणजे साधारण ९ मीटर. सरकलात, तर पुन्हा नवे ४ प्रयत्न. असं करत करत समोरच्या टोकापर्यंत पोचायचं.

प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात एकसारखी. रांगेच्या मधला खेळाडू वाकून चेंडू आपल्या पायांमधून मागे देतो. याला म्हणतात स्नॅप. मागे उभा असतो क्वार्टरबॅक. तो संघाचा मेंदू. चेंडू फेकायचा की कोणाच्या हातात द्यायचा, हे तो बघतो. स्नॅप होईपर्यंत खेळ सुरू झालेला नसतो.

आता नियम असा, की स्नॅपच्या आधी आक्रमण करणाऱ्या संघाने किमान एक सेकंद पूर्ण स्तब्ध उभं राहायचं. त्यानंतर फक्त एकाला हलायची मुभा. तोही स्नॅपच्या क्षणी समोरच्या संघाच्या दिशेने पुढे जात असता कामा नये. आडवा चालेल, मागे चालेल. या हालचालीला मोशन म्हणतात. एकापेक्षा जास्त जण हलले तर तिला शिफ्ट म्हणतात, आणि शिफ्टनंतर सगळ्यांना पुन्हा एक सेकंद थांबावंच लागतं. चुकलं, तर ५ यार्ड मागे. कॅनडातल्या फुटबॉलमध्ये मात्र एकाच वेळी अनेक जण हलू शकतात आणि पुढच्या दिशेने धावतही येऊ शकतात. तिथला सामना बघाल तर स्नॅपच्या आधी अर्धा संघ धावतोय असं वाटेल.

बचाव करणाऱ्या संघावर असं कुठलंच बंधन नाही. ते हवं तसं हलू शकतात, जागा बदलू शकतात, खोटंनाटं दाखवू शकतात. म्हणजे स्नॅपच्या आधीची ती काही सेकंदं खरं तर बचावाची. त्यात आक्रमणाच्या वाट्याला आलेली सवलत एकच, त्या एका माणसाची. एवढ्याशा सवलतीतून या लोकांनी केवढं काय उभं केलंय, ते आता बघू.

कबड्डीच्या मैदानावरून

लखनौत कबड्डी बघायची सवय २०१७ नंतर बरीच वाढली. त्या वर्षी प्रो कबड्डीत यूपी योद्धा हा संघ आला आणि इथल्या बाबू बनारसी दास इनडोअर स्टेडियममध्ये सामने झाले. कर्णधार नितीन तोमर. आणि आपल्या लोकांना विशेष आनंद याचा, की संघात मुंबईचा रिशांक देवाडिगा होता. त्याच मोसमात त्याने जयपूरविरुद्ध एका सामन्यात चढाईचे २८ गुण घेतले होते.

रिशांकची चढाई आठवून बघा. ३० सेकंदांची चढाई, त्यातली पहिली दहा-बारा सेकंदं तो कोणाला हातही लावायला जात नाही. उजवीकडे दोन पावलं. थांबला. डावीकडे तीन पावलं. खांदा हलवला, पाय पुढे टाकल्यासारखं केलं. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, वेळ काढतोय. पण त्याची नजर कुठे असते? तो डाव्या कोपऱ्याकडे सरकला की मधला कव्हर किती आत येतो, साखळी एकत्र सरकते की हात सुटतात, उजवा कोपरा जागेवर राहतो की ओढला जातो, हे तो मोजत असतो. त्याची प्रत्येक पावली म्हणजे समोरच्या सात जणांना विचारलेला प्रश्न असतो. उत्तर ते तोंडाने देत नाहीत, पायांनी देतात.

पतंगबाजीतही हेच. लखनौत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी जमघट असतो, आकाश पतंगांनी भरून जातं. मुरलेला पतंगबाज थेट पेच लावत नाही. आधी पतंग समोरच्याच्या जवळून नुसता नेऊन आणतो. समोरचा ढील देतो की खेचतो, एवढंच त्याला बघायचं असतं.

अमेरिकन फुटबॉलमधला मोशनवाला माणूस हेच काम करतो. फरक इतकाच, की चढाईपटू स्वतःच विचारतो आणि स्वतःच उत्तर वाचतो. इथे चालणारा एक आणि वाचणारा दुसरा. चालतो रिसीव्हर, वाचतो क्वार्टरबॅक.

आणि हे वाचन त्याला एकट्यालाच करावं लागतं. प्रशिक्षकाचा आवाज त्याच्या हेल्मेटमधल्या स्पीकरमध्ये येतो हे खरं. दोन प्रयत्नांच्या मध्ये ४० सेकंदांचं घड्याळ असतं. पण त्यातली शेवटची १५ सेकंदं उरली, की तो आवाज बंद होतो. मग तो, त्याचे दहा साथीदार, समोरचे अकरा आणि उलटं मोजणारं घड्याळ.

ती धाव नेमकं करते काय?

चार कामं. एकेक करून बघू.

पहिलं काम, प्रश्न विचारणं. बचावाच्या ढोबळ दोन पद्धती. एक, माणसाला माणूस: तुझा हा, माझा तो, तो जाईल तिकडे तू जायचं. याला मॅन म्हणतात. दुसरी, जागेला माणूस: हा तुकडा तुझा, तो माझा, आपल्या तुकड्यात जो येईल त्याला धरायचं. याला झोन म्हणतात. आता एक रिसीव्हर डावीकडून उजवीकडे चालत गेला. त्याच्या मागोमाग समोरचा एक जण मैदान ओलांडून गेला, तर बहुधा मॅन. कोणी हललं नाही, सगळे एकेक पाऊल सरकले, तर बहुधा झोन. क्वार्टरबॅकला पुढचा फेक कुठे मारायचा याचं अर्धं उत्तर स्नॅपच्या आधीच मिळालं.

दुसरं काम, हिशेब मोडणं. समजा बचावाने दोन्ही बाजूंची माणसं मोजून मापून लावली आहेत. इकडे चाराला चार, तिकडे तिनाला तीन. स्नॅपला दोन सेकंद उरलेत आणि आक्रमणाचा एक दांडगा खेळाडू इकडून तिकडे गेला. आता तिकडे चार झाले. बचावाने तितक्या वेळात एकमेकांना ओरडून सांगायचं, नव्याने वाटणी करायची आणि पायही हलवायचे. एकाने ऐकलं, दुसऱ्याने ऐकलं नाही, तर मध्ये भगदाड पडतं.

तिसरं काम, पळत सुरुवात करणं. उभा माणूस आणि आधीच पळणारा माणूस यांची शर्यत लावा. कोण जिंकेल हे सांगायला नको. मियामी डॉल्फिन्सचे प्रशिक्षक माइक मॅकडॅनियल यांनी २०२३मध्ये हेच केलं. टायरिक हिल हा लीगमधल्या सर्वांत वेगवान खेळाडूंपैकी एक. त्याला ते स्नॅपच्या अगदी आधी बाहेरच्या बाजूला एक छोटीशी धाव घ्यायला लावत. चेंडू सुटेपर्यंत हा वेगात. समोरचा अजून उभा. शिवाय बचावपटू पहिल्या ५ यार्डांत रिसीव्हरला हाताने अडवू शकतो, पण जो समोर उभाच नाही त्याला अडवणार कसं? त्या वर्षी २४ सप्टेंबरला मियामीने डेन्व्हरला ७०–२० असं हरवलं. एका सामन्यात ७० गुण या लीगमध्ये क्वचितच होतात. सगळं श्रेय मोशनचं नाही, पण तिच्याशिवाय ते झालं असतं असंही नाही.

चौथं काम, नजर पळवणं. एक जण क्वार्टरबॅकच्या पुढून भरधाव जातो आणि नेमका त्याच क्षणी स्नॅप होतो. चेंडू त्याच्या हातात दिला की दिल्यासारखं केलं? मधल्या बचावपटूला ठरवायला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात त्याचं एक पाऊल चुकीच्या दिशेला पडतं. एक पाऊल पुरतं. कोपऱ्याने घेतलेल्या एका चुकीच्या पावलावर बोनस जातो, हे कबड्डीवाल्यांना सांगायला नको.

ही युक्ती नवी नाही

अलीकडे कॅन्सस सिटीचे अँडी रीड, सॅन फ्रान्सिस्कोचे काइल शानाहान, लॉस एंजेलिसचे शॉन मॅकवे या प्रशिक्षकांमुळे मोशनचा बोलबाला झाला आणि बऱ्याच लोकांना वाटतं ही संगणकाच्या काळातली गोष्ट. तसं नाही. ८ डिसेंबर १९४०ला अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सने वॉशिंग्टनला ७३–० असं हरवलं. तीनच आठवड्यांपूर्वी त्याच वॉशिंग्टनने शिकागोला ७–३ने हरवलं होतं. शिकागोची मांडणी होती टी फॉर्मेशन, आणि तिच्यात स्नॅपआधी आडवा धावणारा एक माणूस होता. त्या निकालानंतर बाकीच्या संघांनी आपापल्या जुन्या मांडण्या गुंडाळायला सुरुवात केली. पुढे डॅलसचे टॉम लँड्री यांनी आपल्या पुढच्या फळीला एकदम उभं करून पुन्हा बसवायची पद्धत आणली. समोरच्याला मांडणी नीट दिसायच्या आत ती बदललेली असावी, एवढाच त्यामागचा हेतू.

पण मला तुम्हाला दाखवायची आहे ती १९८३ची एक चाल. तिच्यासाठीच मी हा भाग करतोय.

पॅसाडिना, ३० जानेवारी १९८३

सुपर बोलचा सतरावा सामना. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाचं रोझ बोल मैदान. वॉशिंग्टन विरुद्ध मियामी. चौथा आणि शेवटचा पाव भाग सुरू झालाय, साधारण दहा मिनिटं उरली आहेत, मियामी १७–१३ने पुढे आहे. वॉशिंग्टनचे तीन प्रयत्न संपलेत. चौथा उरलाय आणि हवंय फक्त १ यार्ड. मियामीच्या टोकापासून चेंडू ४३ यार्डांवर.

अशा वेळी बरेच संघ चेंडू लाथेने लांब उडवून देतात आणि बचावाला लागतात. वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्स यांनी खेळायचं ठरवलं. चेंडू कोणाला मिळणार हे मैदानातल्या झाडून सगळ्यांना माहीत होतं. जॉन रिगिन्स, भला दांडगा गडी, दिवसभर त्यालाच देत आले होते. एका यार्डासाठी तो मधूनच घुसणार, म्हणून मियामीने बहुतेक सगळी माणसं पुढे आणून ठेवली.

आता मोशन. वॉशिंग्टनचा क्लिंट डिडिए हा डाव्या टोकाला होता. तो स्नॅपच्या आधी उजवीकडे चालायला लागला. त्याच्यावर मियामीचा डॉन मॅकनील. मॅन पद्धत, त्यामुळे तो जाईल तिकडे जायचं. मॅकनील त्याच्याबरोबर निघाला. आणि डिडिए मध्येच गर्रकन वळला आणि परत डावीकडे आला. मॅकनीलनेही वळायचा प्रयत्न केला आणि तो घसरला. पडला नाही पुरता, पण तोल गेला. तो सावरून परत आपल्या जागेकडे येईपर्यंत स्नॅप झाला होता आणि रिगिन्स डावीकडूनच निघाला होता.

मॅकनील पोचला, पण तिरका, उशिरा, तोल न सावरलेला. त्याने रिगिन्सचा शर्ट धरला. रिगिन्सने त्याला झटकलं आणि पुढे गेला. पुढे कोणीच नव्हतं, कारण बाकी सगळे त्या एका यार्डासाठी पुढे गोळा झालेले. हवं होतं १ यार्ड, मिळाले ४३. वॉशिंग्टन २०–१७. सामना २७–१७ने संपला. रिगिन्सचे त्या दिवशी १६६ यार्ड झाले आणि तोच सामन्याचा मानकरी.

ही चाल अजूनही दाखवतात. आणि प्रत्येक वेळी दिसतो तो मॅकनीलच्या हातातून सुटणारा शर्ट. एक माणूस चुकला, असं बघणाऱ्याला वाटतं.

मी ती चाल दहा-बारा वेळा मागेपुढे करून पाहिली. चुकला कुठे तो? त्याला सांगितलं होतं, तुझा माणूस जाईल तिकडे जा. तो गेला. माणूस परत फिरला, तोही परत फिरला. त्याने एकही चुकीचा निर्णय घेतला नाही. ज्या गोष्टीसाठी त्याला तिथे उभं केलं होतं, ती तो अगदी इमानाने करत होता. गिब्स यांची चाल त्या इमानावरच बेतलेली होती. जो माणूस ऐकणार नाही, जागेवरच उभा राहील, त्याच्यावर ही चाल चालतच नाही.

आता माझी गोष्ट

परत त्या फेब्रुवारीच्या सकाळी या. चौथा पाव भाग सुरू झालेला. आठ वाजून गेलेले, मुलांची शाळा बुडाल्यातच जमा. कॅन्सस सिटी एका गुणासाठी नाही, सहा गुणांनी मागे, २७–२१. टोकापासून ५ यार्डांवर चेंडू. कडेर्यस टोनी नावाचा रिसीव्हर बाहेरून आत चालायला लागला, जणू मैदान ओलांडून पलीकडे जाणार. फिलाडेल्फियाच्या बचावाने तसंच धरलं आणि आपापसात माणसं बदलून घ्यायला सुरुवात केली. टोनी दोन पावलांत उलटा फिरला. स्नॅप. तो बाहेरच्या बाजूला एकटा, आजूबाजूला चिटपाखरू नाही. पॅट्रिक महोम्सने चेंडू अलगद त्याच्याकडे टाकला. थोड्या वेळाने तीच चाल आरशात धरल्यासारखी मैदानाच्या दुसऱ्या बाजूला, या वेळी स्काय मूर हा खेळाडू. तोही एकटाच. कॅन्सस सिटीने सामना ३८–३५ने जिंकला.

दुसऱ्या वेळी माझ्या शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "भैया, ये तो वही हुआ जो उसके साथ हुआ था."

"उसके" म्हणजे कोण, ते मला लगेच कळलं.

जानेवारीत आमच्या पोरांचा एक सामना होता. वस्ती-वस्तीच्या संघांचा, फार मोठा नाही, पण त्यांच्यासाठी मोठाच. शेवटची चढाई, गुण बरोबरीत. आमच्या डाव्या कोपऱ्यावर पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. समोरचा चढाईपटू उजवीकडे सरकला, तसा हाही रांगेबरोबर आत सरकला. मग तो चढाईपटू उलटा फिरला, याचं वजन चुकीच्या पायावर, पाय मॅटवर सटकला, आणि त्याच्या पायाला पाय लावून तो गडी मध्यरेषेपलीकडे. एका गुणाने हरलो.

सगळ्यांसमोर मी त्याला बोललो. "तुला जागा सांभाळता येत नाही" असं काहीतरी. शब्द आता नीट आठवत नाहीत, त्याला आठवत असतील. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आता गंमत बघा. तीन महिने मीच त्याला शिकवत होतो, चढाईपटूवरून नजर काढू नकोस, तो जाईल तिकडे सरक, साखळी तोडू नकोस. त्याने तेच केलं. आणि उजवीकडचा कोणी मागे राहिला का, कव्हरने "फिरा!" म्हणून ओरडून सांगितलं का, तर नाही. कारण ते मी शिकवलंच नव्हतं. माझ्या बचावात एक प्रश्न असा होता, ज्याचं खरं उत्तर देणारा मुलगा उघडा पडणार होता. समोरच्या चढाईपटूने तो प्रश्न विचारला. दोष मी उत्तर देणाऱ्याला दिला.

मग या मोशनला उत्तर काय?

तिकडच्या प्रशिक्षकांनीही यावर डोकं घातलंय, आणि त्यातलं बरंच कबड्डीला लागू पडतं.

एक उत्तर असं, की मागे जायचंच नाही. चालणारा माणूस एका टप्प्यापर्यंत माझा, त्यापुढे तुझा. मात्र ही अदलाबदल दोघांनी एकाच वेळी केली पाहिजे. एकाने सोडला आणि दुसऱ्याने धरला नाही, तर टोनीसारखा एकटा माणूस उभा राहतो. फिलाडेल्फियाचं नेमकं हेच झालं. त्याच मोसमात आधी जॅक्सनव्हिलच्या संघाने त्यांच्यावर अशीच एक चाल चालवली होती, आणि कॅन्सस सिटीने ती पाहून ठेवली होती. एका सामन्यात दिसलेलं बिंग चार महिन्यांनी दुसऱ्याच्या कामी आलं.

दुसरं उत्तर, खोटं उत्तर द्यायचं. माणूस चालत गेला, की त्याच्या मागे एकाला मुद्दाम पाठवायचं, म्हणजे क्वार्टरबॅकला वाटेल मॅन आहे. स्नॅप होताच सगळे झोनमध्ये. म्हणून मघाशी मी "बहुधा मॅन, बहुधा झोन" असं म्हणालो. मुरलेले क्वार्टरबॅक या पहिल्या उत्तरावर पूर्ण विश्वास ठेवत नाहीत.

तिसरं उत्तर सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत कठीण: बोलणं. मोठ्याने, वेळेवर आणि आधी ठरवलेल्या शब्दांत. ऐंशी हजारांच्या गोंगाटात ते ऐकू जाणं सोपं नाही, म्हणून हातांच्या खुणाही असतात.

आणि मोशन फुकट नसते, हेही सांगितलं पाहिजे. घड्याळ चालू असतं. चालणारा अर्धा सेकंद लवकर पुढे वळला तर ५ यार्ड गेले. तो चालत असताना स्नॅपचा क्षण क्वार्टरबॅकने, सेंटरने आणि त्याने असा तिघांनी साधायचा असतो. शिवाय नुसतंच चालायचं म्हणून चालणारे संघही असतात. प्रश्न विचारायचा आणि उत्तर वाचायचंच नाही, असा प्रकार. त्यांचा माणूस इकडून तिकडे जातो, समोरचे शांतपणे बघतात, आणि काही होत नाही. मोशन किती वेळा केली याला फारसा अर्थ नाही. ती करून काय कळलं आणि त्यावर काय केलं, ते महत्त्वाचं.

पुढे काय बघाल

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला त्याचं काय? तर ऑक्टोबर २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन आपल्या मुंबईत भरलं होतं. क्रिकेट ऑलिंपिकमध्ये परत आलं, ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्याच बैठकीत २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी फ्लॅग फुटबॉललाही मान्यता मिळाली. म्हणजे याच खेळाचा हलका अवतार: पाचाला पाच, धडका नाहीत, कंबरेचं निशाण ओढलं की माणूस थांबला. हेल्मेट-पट्ट्यांचा खर्च नाही. आपल्याकडच्या चपळ पोरांना तो जमण्यासारखा आहे. माणसं कमी, जागा मोकळी, म्हणून नजर आणि पाय यांचा खेळ तिथे आणखी उघड दिसतो.

तेव्हा पुढच्या वेळी असा सामना लागला, तर स्नॅपच्या आधी चेंडूकडे बघू नका. तो चालणारा माणूस शोधा. मग त्याच्याकडेही बघू नका. त्याच्या समोर कोण हललं, कोणी कोणाला हात केला, कोणाचे पाय अडकले, ते बघा. दहा-पंधरा वेळा बघितलंत, की चेंडू कुठे जाणार याचा अंदाज तुम्हालाही येईल. २०२४च्या सुपर बोलमध्ये जादा वेळेत कॅन्सस सिटीने सॅन फ्रान्सिस्कोला २५–२२ने हरवलं, तो शेवटचा ३ यार्डांचा फेक मिकोल हार्डमनला होता. स्नॅपच्या आधी तो आत जाऊन परत बाहेर फिरला, आणि आमच्या घरातली दोन पोरं चेंडू सुटायच्या आधीच ओरडली होती.

राहिला तो आमचा डाव्या कोपऱ्याचा मुलगा. त्या सोमवारीच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. मोबाइलवर १९८३ची ती चाल दाखवली. घसरणारा मॅकनील दाखवला, शर्ट सुटताना दाखवला. याची चूक काय, असं विचारलं. त्याने पुन्हा एकदा लावायला सांगितलं. बघून झाल्यावर म्हणाला, "इसको किसी ने आवाज़ नहीं दी."

मी माफी मागितली. तो हसला नाही, मान हलवली फक्त. दोन रविवारांनी परत आला. डाव्या कोपऱ्यावर मात्र उभा राहायला तयार नाही. आता कव्हरला खेळतो. आणि चढाईपटू उलटा फिरला, की सगळ्यांत आधी ओरडतो तो हाच.